कोमोडोच्या करंटमध्ये डाईव्ह: ॲडव्हान्स्ड कार्ड पुरेसं आहे का?

मृण्मयी_सिडको

नमस्कार मंडळी.

मी नाशिकची. अंबडला एका कारखान्यात टूल डिझाइनचं काम करते आणि सुट्टी मिळाली की समुद्र गाठते. स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, तारकर्लीला केला, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड अंदमानात स्वराज द्वीपला, मध्ये मुर्डेश्वरहून नेत्राणीलाही जाऊन आले. लॉगबुकात सगळ्या मिळून पंचविसेक डाईव्ह असतील, बहुतेक शांत पाण्यातल्या. करंट (पाण्याची जोराची धार) म्हणावा असा एकदाच भेटला, अंदमानातच डिक्सन्स पिनॅकलला. तिथे नांगराचा दोर धरून उतरलो होतो.

आता आम्ही चौघी मैत्रिणी रक्षाबंधनाची सुट्टी धरून इंडोनेशियात कोमोडोला जायचं म्हणतोय. लाबुआन बाजोहून बोट निघते, चार दिवस बोटीवरच मुक्काम आणि दिवसाला तीन-चार डाईव्ह. यादीत बातू बोलोंग, कॅसल रॉक, क्रिस्टल रॉक, कॉल्ड्रन, मांटा पॉइंट असं सगळं आहे. बुकिंग करून देणारे म्हणतात, "ॲडव्हान्स्ड कार्ड आहे ना, मग झालं." पण व्हिडिओ बघितले की पोटात गोळा येतो. लोक दगडाला हूक अडकवून झेंड्यासारखे फडफडताना दिसतात.

मला नक्की हे विचारायचंय: इतक्या अनुभवावर जाणं शहाणपणाचं आहे का? दम वाढावा म्हणून सकाळी त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर पोहते, फिन्स घालून पायांचा व्यायामही सुरू केलाय, त्याचा उपयोग होईल ना? आणि ते डाउनकरंट (खाली ओढणारी धार) प्रकरण काय आहे, त्यात सापडलं तर नेमकं करायचं काय? शिवाय बोट शेवटच्या दिवशी सकाळची एक डाईव्ह देते आणि दुपारी विमान आहे. मग मुंबईहून कसारा घाटाने घरी. हे चालेल का?

शिमगा झालाय, म्हणजे तयारीला अजून वेळ आहे. पैसे महिनाअखेर भरायचे आहेत.

---

गोदाकाठ

मृण्मयी, वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

जा. पण रक्षाबंधनाला जाऊ नकोस.

रक्षाबंधन म्हणजे श्रावणातली पौर्णिमा. पौर्णिमेला आणि अमावास्येला चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत येतात आणि भरती-ओहोटीतलं अंतर सगळ्यात जास्त होतं. शाळेत हीच उधाणाची भरती म्हणून शिकलो. अंतर जेवढं मोठं, तेवढं जास्त पाणी त्याच सहा तासांत त्याच चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जाणार, म्हणजे धार तेवढी जोराची. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा हे अंतर सगळ्यात कमी. आता भिंतीवरचं कालनिर्णय काढ. रक्षाबंधनानंतर आठव्या दिवशी गोकुळाष्टमी येते. भांगाचा परिणाम तिथीनंतर एक-दोन दिवसांनी पुरता दिसतो, म्हणून गोकुळाष्टमीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुटणारी बोट शोध. आठवडाभराच्या फरकाने तीच ठिकाणं आणि तेच मासे बरेच शांतपणे बघायला मिळतील. आणखी आठवडाभर पुढे ढकललंस तर मात्र पोळा आला, म्हणजे अमावास्या, म्हणजे पुन्हा उधाण.

काही जण म्हणतील, करंट नसेल तर कोमोडोत शार्क दिसत नाहीत. भांगातही तिथे करंट असतोच, काळजी नको. पॅसिफिक महासागराची पातळी हिंदी महासागरापेक्षा थोडी वर आहे, आणि ते पाणी वर्षभर इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून इकडे उतरत असतं. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्यामध्ये कोमोडो, रिंचा आणि लहान-लहान बेटं अशी दाटीने बसलीत की पाण्याला जायला थोड्याच वाटा उरतात. त्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. म्हणूनच तिथली प्रवाळं आणि मासे एवढे दाट आहेत, आणि म्हणूनच तिथे नवख्याला सोडू नये असं म्हणतात. दोन्हींचं कारण एकच आहे.

आता पायांच्या व्यायामाचं. पोहणं चालू ठेव, दम लागतोच. पण धारेसमोर पोहून जायचं हे डोक्यातून काढून टाक. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, चालण्याच्या निम्मा वेग. अंगावर सगळं सामान असलेला तयारीचा डायव्हरसुद्धा त्याच्यासमोर काही मिनिटंच टिकतो, आणि उधाणाला तिथे तीन-चार नॉट सहज असतात. पाय कितीही कमावलेले असोत, हे गणित सुटत नाही.

मग तिथले गाईड डाईव्ह करतात कशी? आडोशाने.

तू नाशिकची आहेस, तुला हे लगेच कळेल. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कमरेला लागलं की छातीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मूर्तीच दिसेनाशी झाली होती. पण पाणी छातीच्या खाली असताना कधी नीट बघितलंयस? वरून येणारं पाणी मूर्तीवर आपटतं, तिथे थोडं चढतं, फुटून दोन्ही बगलांनी जोरात निघतं. आणि मूर्तीच्या मागे, खालच्या अंगाला, थोडी जागा अशी राहते की तिथे वाहून आलेली झेंडूची फुलं जागच्या जागी गोल फिरत असतात. बातू बोलोंग हे अगदी असंच आहे. पाण्याबाहेर दिसतो तो लहानसा खडक, खाली मात्र सत्तर मीटरहून खोल उभी भिंत. धार समोरून येते, फुटते, दोन्ही कडांनी निघते आणि निघताना खालीही ओढते. बोट तुम्हाला मागच्या शांत भागात सोडते. आधी खोल जायचं, मग त्या शांत पट्ट्यातच डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे करत हळूहळू वर यायचं. अख्खी डाईव्ह तिथेच होते, आणि ती माझ्या मते पृथ्वीवरच्या सगळ्यात सुंदर डाईव्हपैकी एक आहे. प्रवाळाचा एक तळहाताएवढा तुकडासुद्धा मोकळा दिसत नाही.

त्या पट्ट्याची कड कशी ओळखायची? मासे सांगतात. प्रवाळावर नारिंगी रंगाचे लहान अँथिअस हजारोंनी असतात. आडोशात ते सैल पसरलेले, वाटेल तिकडे तोंड केलेले दिसतील. कडेच्या जवळ गेलीस की सगळे एकाच दिशेला तोंड करतात, प्रवाळाला चिकटतात आणि शेपट्या भराभर हलवायला लागतात. ते दिसलं की वळायचं. एक हात पुढे जाऊन बघू असं करायचं नाही.

डाउनकरंट हे ह्याच कडेचं प्रकरण. मी एकदा ह्याच खडकाच्या कडेजवळ गाईडच्या मागे होतो. कान थोडे दुखल्यासारखे वाटले आणि त्याच वेळी दिसलं की माझे बुडबुडे वर न जाता मास्कसमोरून तिरके खाली चाललेत. आवाज नाही, धक्का नाही. खोली दाखवणाऱ्या डाईव्ह कॉम्प्युटरवर १८ मीटरचे २१ झाले तेव्हा मी पाय हलवतसुद्धा नव्हतो. गाईडने मागे वळून मूठ दाखवली, म्हणजे धर. दोघांनी उघडा खडक धरला, पोट भिंतीला लावलं. भिंतीलगत पाणी घासून मंद होतं, त्यामुळे तिथे ओढ कमी असते. मग हातांनी खडक धरत-सोडत आडवं सरकत आडोशात परत आलो. बुडबुडे सरळ वर जायला लागले तेव्हा कळलं की सुटलो.

ह्यातून घ्यायचं ते असं. पहिली गोष्ट, बुडबुडे आणि कॉम्प्युटर ह्यांच्यावर नजर, कारण भिंतीकडे बघत असताना खाली जातोय हे शरीराला कळत नाही. दुसरी, सरळ वर लाथा मारत सुटायचं नाही. त्यात हवा संपते आणि माणूस तिथेच राहतो. खडक हाताशी असेल तर धर आणि आडवी सरक. हाताशी नसेल, ओढत नेत असेल, तर भिंतीपासून लांब, उघड्या पाण्याकडे आडवी किंवा तिरकी पोह, कारण ही ओढ बहुतेक वेळा भिंतीलगतच्या पट्ट्यात असते. बीसीडीत (हवा भरून तरंगायचं जाकीट) थोडी हवा भरावी लागली तर भर, पण हाताचं बोट हवा सोडायच्या बटणावर ठेवून. पट्ट्यातून बाहेर पडल्याक्षणी तीच हवा तुला वर फेकायला लागते, आणि बेफाम वर येणं हे खाली जाण्याइतकंच वाईट. बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, सोडायचं नाही, आणि श्वास रोखायचा नाही.

हवेचं गणित एकदा कागदावर करून बघ. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलेंडर ११.१ लिटरचा. २०० बारला त्यात सुमारे २२०० लिटर हवा. ५० बार राखून ठेवले तर वापरायला साडेसोळाशे. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटर खोलीवर तिप्पट, म्हणजे ६०. सत्तावीस मिनिटं झाली. धारेशी झटापट करून तोच आकडा ३५ वर गेला की पंधरा मिनिटांत सिलेंडर राखीववर येतो. म्हणून पोहण्यापेक्षा जास्त सराव कशाचा कर, तर काहीही न करता स्थिर राहण्याचा. शांत श्वास, हात बांधलेले, वजन बरोबर लावलेलं. माझ्या पाहण्यात करंटमध्ये उत्तम डाईव्ह करणारी माणसं पाण्यात आळशी दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं ते एसएमबी. तो नारिंगी फुगा आणि रीळ. तुझ्याकडे स्वतःचा हवा आणि पाच मीटरवर तरंगत, दोराला न गुंतता, वर न जाता, तो सोडता आला पाहिजे. हा हट्ट का करतो ते सांगतो. २००८ च्या जूनमध्ये कोमोडोतच तातावा बेटाजवळून पाच परदेशी डायव्हर वाहून गेले. दोन दिवसांनी रिंचाच्या किनाऱ्यावर सापडले, तोवर तिथल्या कोमोडो ड्रॅगनला, म्हणजे त्या अजस्र घोरपडींना, दगड मारून लांब ठेवत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी महिला अशाच वाहून गेल्या. पाच वाचल्या, दोघी गेल्या. लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर मीटरवरूनसुद्धा दिसत नाही. फुगा दिसतो. सोबत शिट्टी आणि एक लहान आरसा बीसीडीच्या खिशात टाकून ठेव, वजन काहीच नाही.

आणि त्या "कार्ड आहे ना" वाल्याबद्दल. ओपन वॉटरच्या चार डाईव्ह आणि ॲडव्हान्स्डच्या पाच, अशा नऊ डाईव्हवर ते कार्ड हातात येऊ शकतं. ३० मीटरपर्यंत जायला शिकवलंय एवढंच ते सांगतं, धारेबद्दल काहीही सांगत नाही. हे माहीत असून जो माणूस पैसे घेण्यासाठी "झालं" म्हणतो त्याचा मला मनापासून संताप येतो. तू त्याला उलट विचार: एका गाईडमागे किती जणी? चारपेक्षा जास्त असतील तर नको. पहिली डाईव्ह कुठे? उत्तर सेबायूर किंवा तसंच एखादं शांत ठिकाण असलं पाहिजे, कॅसल रॉक नव्हे. डाईव्हच्या वेळा भरतीचं कोष्टक बघून ठरतात की नाश्त्या-जेवणाच्या वेळा बघून? उडी मारायच्या आधी गाईड स्वतः पाण्यात उतरून धार बघतो का? डिंगी (लहान बोट) वर फिरत राहते का? ऑक्सिजन आहे का? ह्यांची सरळ उत्तरं मिळाली तर बोट चांगली.

---

मालवणी_इंदिरानगर

मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे नाशकात. गोदाकाठ काकांनी तिथीचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे जाळं टाकणारा माणूस आधी तिथी विचारतो, मग वारा.

एकच भर घालतो. भरती आणि ओहोटी बदलताना मध्ये थोडा वेळ पाणी थांबतं. त्या वेळेला उतरायचं. पण कोष्टकात भरतीची जी वेळ छापलेली असते, त्याच वेळी धार थांबते असं नाही. खाडीच्या तोंडाशी आम्ही रोज बघतो, पाणी चढायचं थांबलं तरी आतली ओढ बराच वेळ चालू असते. प्रत्येक जागेची सवय वेगळी. म्हणून मोबाईलवरच्या ॲपपेक्षा त्या जागी वर्षानुवर्षं उतरणाऱ्या गाईडचं ऐक.

सरावाबद्दल: कोकणातलं डायव्हिंग मेच्या अखेरीला बंद होतं ते पावसाळा संपेपर्यंत. ऑगस्टला जायचं असेल तर हातात एप्रिल आणि मे. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत प्रशिक्षणाचा तलाव आहे, तिथे इन्स्ट्रक्टरला सांगून फुगा सोडायचा सराव करून घे, मग समुद्रात. आमच्या पाण्यात फार लांबचं दिसत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, पण गढूळ पाण्यात तरंगत जो फुगा सोडू शकला त्याला स्वच्छ पाण्यात काही अवघड नाही. जमलं तर मेमध्ये अंदमानला परत एक चक्कर मार आणि डिक्सन्स, जॉनीज गॉर्ज ह्या दोन जागा दोर न धरता कर. इन्स्ट्रक्टर सोबत घेऊनच.

---

कानाचे_डॉक्टर_कॉलेजरोड

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, स्वतः डाईव्ह करतो. परतीच्या प्रवासावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

शेवटच्या दिवशी सकाळी डाईव्ह आणि दुपारी विमान हे अजिबात नको. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा आहे: एकच साधी डाईव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक दिवस अनेक डाईव्ह केल्या असतील तर किमान १८ तास. चार दिवस बोटीवर राहून आल्यावर मी पूर्ण २४ तास धरतो. विमानाच्या केबिनमधली हवा २४०० मीटर उंचीवर असावी इतकी विरळ होऊ शकते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन त्या कमी दाबाला बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. बोटीला लेखी कळवा की शेवटची डाईव्ह तुम्ही करणार नाही, किंवा लाबुआन बाजोत एक रात्र वाढवा. तिथल्या टेकडीवरून संध्याकाळ फार छान दिसते, रात्र वाया जाणार नाही.

हा मुद्दा आपल्याला घरच्या डाईव्हलाही लागू आहे आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. आंबोली घाटाचा माथा ७०० मीटरच्या आसपास. तारकर्लीला दुपारी डाईव्ह करून संध्याकाळी गाडी घाटाला लावणारे मी बघतो. ती रात्र खालीच काढावी, सकाळी निघावं.

कानांबद्दल. कॅसल रॉकसारख्या ठिकाणी बीसीडी रिकामी करून उडी मारायची आणि न थांबता खाली जायचं असतं, कारण वर रेंगाळलात तर धार तुम्हाला खडकापासून लांब नेते. ज्यांचे कान उघडायला वेळ लागतो त्यांची इथेच अडचण होते. उडी मारायच्या आधी बोटीवरच एकदा कान मोकळे करा, पाण्यात शिरल्याशिरल्या परत, आणि मग दर मीटरला, दुखायची वाट न बघता. दुखलं तर थोडं वर या. नाहीच उघडले तर गाईडला खूण करून डाईव्ह सोडा. कान फाटण्यापेक्षा एक डाईव्ह गेलेली परवडली.

श्रावणात आपल्याकडे सर्दी-पडसं घरोघरी असतं. नाक चोंदलेलं असताना स्प्रे मारून उतरू नका. त्याचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना सायनसमधली हवा अडकते, आणि तेव्हा वर येणं थांबवणं तुमच्या हातात नसतं. निघण्याआधी एकदा कान तपासून घ्या.

परत आल्यावर सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, न झेपणारा थकवा ह्यातलं काही वाटलं तर दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका. लगेच ऑक्सिजन आणि डायव्हिंग समजणारा डॉक्टर. आणि विमा डायव्हिंगचा वेगळा काढा. साध्या प्रवासविम्यात खोलीची मर्यादा असते किंवा डायव्हिंग वगळलेलंच असतं. बारीक अक्षरं वाचा.

---

मृण्मयी_सिडको

काका, दादा, डॉक्टर, तिघांचेही मनापासून आभार. रक्षाबंधन म्हणजे पौर्णिमा हे रोज डोळ्यांसमोर असून कधी सुचलं नव्हतं. मैत्रिणींशी बोलले, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सुटणारी बोट मिळतेय. शेवटच्या रात्री लाबुआन बाजोत खोली घेतोय. काकांचे प्रश्न काल बोटीला इंग्रजीत लिहून पाठवले.

आणखी थोडं विचारू? आमच्यातल्या एकीच्या जेमतेम दहा डाईव्ह झाल्यात. ती म्हणते, तुम्ही जाल तिथे मीही येणार. तिला कसं सांगू? शिवाय नायट्रॉक्स शिकून घेऊ का, आणि रीफ हूक विकत घ्यावा का? सूट किती जाडीचा?

---

गोदाकाठ

मैत्रिणीचं आधी, कारण बाकीचं सोपं आहे.

तिला म्हणावं, ये. पण प्रत्येक ठिकाणी पाण्यात उतरायलाच पाहिजे असं नाही. सियाबा बेसारला आडोसा आहे आणि कासवं इतकी की मोजायचा कंटाळा येईल, तिथे ती मनसोक्त करेल. बातू बोलोंग भांगात, धार थांबण्याच्या वेळेला, तिच्यासाठी स्वतंत्र गाईड असेल आणि गाईड हो म्हणाला तर. मांटा पॉइंट फारसा खोल नाही, पण तिथे धार लांबवर वाहत नेते, म्हणून फुगा सोडता आल्याशिवाय नको. कॅसल रॉक आणि कॉल्ड्रन ह्या वेळी नाही. हे बोटीवर सगळ्यांसमोर सांगू नकोस. आत्ता, नाशकात, चहा पिताना सांग. बोटीवर माणूस ईर्ष्येला पेटतो आणि "चालेल मला" म्हणून बसतो.

आणि हे तुम्हा चौघींनाही लागू. पाण्याकडे बघून वाटलं की आज नको, तर नको म्हणायचं. कारण द्यावं लागत नाही. डायव्हिंगमध्ये हा नियमच आहे: कोणीही, केव्हाही, डाईव्ह सोडू शकतो आणि त्याला कोणी विचारायचं नाही. पाण्याखाली असतानाही. तुमची खूण आधीच ठरवून ठेवा. मी कॅसल रॉकवर डिंगीत बसून, पाण्याला उकळी फुटल्यासारखं बघून, अख्ख्या गटासकट परत फिरलोय. दुपारी त्याच जागी उतरलो तेव्हा खालून ग्रे रीफ शार्क जवळून जात होते आणि आम्ही आरामात बघत होतो. सहा तासांचा प्रश्न होता.

नायट्रॉक्स शीक, पण त्यातून काय मिळतं ते नीट समजून घे. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात नायट्रोजन कमी असतो, त्यामुळे खोलीवर थांबायची मुभा वाढते, आणि दिवसाला चार डाईव्ह असतील तर ते मोलाचं आहे. सिलेंडरमधली हवा मात्र तेवढीच राहते, ती जास्त वेळ पुरेल असं नाही. आणि ३३ मीटरच्या खाली जायचंच नाही, तिथे ऑक्सिजनच विषारी होऊ लागतो. डाउनकरंटच्या जागी ही सीमा लक्षात ठेवावी लागते.

हूक आत्ता विकत घेऊ नकोस. बोटीवर असतो, गाईडकडून तिथेच शिकून घे. उघड्या, मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवायचा, जिवंत प्रवाळाला कधीच नाही. अडकवल्यावर बीसीडीत थोडी हवा भरतात म्हणजे माणूस खडकाच्या वर तरंगतो. सोडायच्या आधी ती हवा काढून टाकायची असते. न काढता हूक सुटला तर माणूस सरळ वर जातो. व्हिडिओत हे दाखवत नाहीत.

सूट पाच मिलिमीटरचा घे. उत्तरेकडे पाणी उबदार असतं, पण ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून हिंदी महासागराचं गार पाणी वर येतं, आणि धार फिरली की तेच मधल्या भागापर्यंत पोचतं. थंडी वाजायला लागली की श्वास वाढतो, आणि श्वासाचं गणित वर दिलंच आहे. डोक्याला टोपी घे, तीही सूटच्याच कापडाची.

बोटीकडून उत्तर आलं की इथे टाक, मी वाचून सांगतो. १५ लिटरचे सिलेंडर ठेवतात का तेही विचार. तुमच्यात ज्या कोणाला हवा जास्त लागते तिच्यासाठी एक आत्ताच सांगून ठेवायचा, तिथे गेल्यावर मिळतीलच असं नाही.